पॅकेजमधल्या सिमलिंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिमलिंक (पुढे नुसतं "लिंक") म्हणजे दुसऱ्या फाइलकडे किंवा डिरेक्टरीकडे बोट दाखवणारी नोंद; ती जिकडे बोट दाखवते ते तिचं टार्गेट. हे पान मुख्यतः डेबियन आणि उबुंटूसाठी डेब पॅकेज बनवणाऱ्यांसाठी आहे. आरपीएम, मॅकओएस, विंडोज, पायथन यांचं वागणं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञा आणि पाथ देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायचे. उदाहरणात "नमुना" दिसेल तिथे आपल्या प्रोग्रामचं नाव घाला.

पॅकेजमध्ये सिमलिंक नेमकी कशी साठवली जाते?

निव्वळ मजकूर म्हणून. डेब फाइलच्या आत एक टार फाइल असते आणि टारमधल्या प्रत्येक नोंदीला एक हेडर असतो. हेडरमध्ये प्रकाराच्या खान्यात "२" असेल तर ती नोंद सिमलिंक असते, आणि टार्गेटचा पाथ त्याच हेडरमधल्या १०० बाइटच्या दुसऱ्या खान्यात लिहिलेला असतो. पाथ त्याहून लांब असेल तर ग्नू आणि पॅक्स फॉरमॅटमध्ये वेगळी सोय आहे. तो पाथ खरा आहे का, तिथे काही आहे का, हे पॅकेज बांधताना टार बघत नाही आणि उघडतानाही बघत नाही.

सिमलिंक म्हणजे दारावर चिकटवलेली "आम्ही अमुक पत्त्यावर राहायला गेलो" ही चिठ्ठी. पत्ता बरोबर की चूक हे चिठ्ठी लिहिताना कळत नाही. कोणीतरी तो घेऊन शोधायला निघतं तेव्हा कळतं. आणि शोधायला निघणारा माणूस तुमच्या मशीनवर नसतो, वापरणाऱ्याच्या मशीनवर असतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

टार्गेट रिलेटिव्ह द्यावं की ॲब्सोल्यूट?

ॲब्सोल्यूट पाथ मुळापासून, म्हणजे / पासून सुरू होतो; रिलेटिव्ह पाथ लिंक जिथे आहे तिथून मोजला जातो. डेबियन पॉलिसीचा, म्हणजे डेबियनच्या पॅकेजिंग नियमावलीचा, नियम स्पष्ट आहे. लिंक आणि टार्गेट एकाच वरच्या डिरेक्टरीत असतील, म्हणजे दोन्ही /यूएसआर खाली, तर रिलेटिव्ह. वरच्या डिरेक्टरी वेगळ्या असतील, म्हणजे लिंक /व्हार खाली आणि टार्गेट /ईटीसी खाली, तर ॲब्सोल्यूट.

पहिल्या भागाचं कारण असं. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करताना त्याची डिस्क आपण /एमएनटी वर माउंट करतो. त्या डिस्कवरची लिंक ॲब्सोल्यूट असेल तर ती डिस्कवरच्या फाइलकडे न जाता आपण ज्या मशीनवर बसलो आहोत त्याच्या फाइलकडे जाते. दुसऱ्याची म्हणून आपलीच फाइल उघडते, आणि ते लगेच लक्षातही येत नाही. रिलेटिव्ह लिंक त्या डिस्कच्या आतच राहते.

दुसऱ्या भागाकडे बऱ्याच जणांचं दुर्लक्ष होतं. समजा एखाद्या ॲडमिनने जागा कमी पडते म्हणून /व्हार ही डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवली, आणि आता /व्हार ही /एसआरव्ही/डिस्क२/व्हार कडे जाणारी लिंक आहे. तुमच्या पॅकेजने /व्हार/लिब/नमुना/कॉन्फ ही लिंक ../../../ईटीसी/नमुना अशी रिलेटिव्ह दिली असेल, तर कर्नल दोन टिंबांचा अर्थ खऱ्या जागेवरून लावतो. तीन पायऱ्या वर गेल्यावर तो /एसआरव्ही/डिस्क२ वर पोचतो आणि /एसआरव्ही/डिस्क२/ईटीसी/नमुना शोधायला लागतो. तिथे काहीच नसतं. टार्गेट थेट /ईटीसी/नमुना असं दिलं असतं तर ॲडमिनने काहीही हलवलं तरी चाललं असतं.

शिवाय पाथ शक्य तितका छोटा ठेवा. आधी एखाद्या डिरेक्टरीत शिरून लगेच दोन टिंबांनी बाहेर येणारे पाथ पॉलिसीला मान्य नाहीत.

हे सगळं हाताने सांभाळायचं का?

नाही. डेबहेल्पर या डेब पॅकेज बांधायच्या साधनसंचात डीएच_लिंक आहे. "डेबियन" डिरेक्टरीत नमुना.लिंक्स नावाची फाइल ठेवा आणि प्रत्येक ओळीत आधी टार्गेट, मग लिंकचं नाव, असे दोन पाथ मुळापासून लिहा:

यूएसआर/लिब/नमुना/नमुना-मेन यूएसआर/बिन/नमुना

रिलेटिव्ह की ॲब्सोल्यूट हे डीएच_लिंक स्वतः ठरवतं. मूळ प्रकल्पाच्या मेकफाइलने (बिल्डच्या आज्ञांची फाइल) बनवलेल्या पॉलिसीबाहेरच्या लिंकाही ते शोधून दुरुस्त करतं. रूल्स फाइलमध्ये (पॅकेज बांधायच्या पायऱ्या असलेली फाइल) हाताने एलएन -एस, म्हणजे लिंक बनवायची आज्ञा, लिहायची गरज क्वचितच पडते. लिहिलेलं दिसलं तर ते काढून लिंक्स फाइलमध्ये न्यावं असं माझं ठाम मत आहे.

मूळ प्रकल्पाच्या मेकफाइलमध्येच लिंक बनवायची असेल तर?

तिथे सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे डेस्टडिर दोन्हीकडे लावणं. पॅकेज बांधताना फाइली खऱ्या जागी न जाता डेस्टडिर या तात्पुरत्या डिरेक्टरीत जातात. म्हणून लिंक जिथे बनवायची त्या पाथच्या आधी डेस्टडिर लागतं. टार्गेटच्या आधी ते लावायचं नाही, कारण टार्गेट हा वापरणाऱ्याच्या मशीनवर वाचला जाणारा मजकूर आहे. तिथेही डेस्टडिर लावलं तर पॅकेजमध्ये /होम/कोणीतरी/बिल्ड/... असा पाथ कायमचा छापला जातो. बिल्ड करणाऱ्याच्या मशीनवर ती डिरेक्टरी असते, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं आणि बाकी सगळ्यांकडे लिंक तुटलेली असते.

एलएन ला -एस सोबत -आर दिलं तर ते रिलेटिव्ह पाथ स्वतः काढतं. ही सोय ग्नू कोअरयुटिल्स ८.१६ पासून आहे. फक्त या एका प्रकारात डेस्टडिर दोन्हीकडे लागतं, कारण पाथ मोजताना दोन्ही जागा एकाच झाडात असाव्या लागतात. मेकफाइलऐवजी मेसन हे बिल्डचं साधन वापरत असाल तर ०.६१ पासून त्यात इन्स्टॉल_सिमलिंक हे फंक्शन आहे, तेच वापरा.

आणखी एक गोष्ट. एलएन -एसएफ ही आज्ञा डिरेक्टरीकडे जाणाऱ्या लिंकवर दुसऱ्यांदा चालवली तर ती जुनी लिंक बदलत नाही. लिंकमधून आत शिरून त्या डिरेक्टरीत नवी लिंक बनवते. सोबत -एन द्या.

बिल्डमध्ये लिंक होती, पॅकेजमध्ये मात्र पूर्ण फाइल आली. असं का?

मधल्या कुठल्या तरी आज्ञेने लिंकच्या पलीकडे जाऊन मजकूर उचलला. इन्स्टॉल ही आज्ञा नेहमीच तसं करते. सीपी ला -एल दिलं किंवा टार ला -एच दिलं तरी तेच होतं, आणि झिप तर काही न सांगताही करतं. झिपमध्ये लिंक लिंकच राहायला हवी असेल तर -वाय द्यावं लागतं. सीपी -ए आणि आरसिंक -ए लिंका जपतात.

तपासायला सोपं आहे. डीपीकेजी-डेब -सी आज्ञेने पॅकेजची यादी काढा. सिमलिंकच्या ओळीची सुरुवात "एल" या अक्षराने होते आणि नावापुढे बाण आणि टार्गेट दिसतं. बाण नसेल तर ती फाइल आहे.

लायब्ररीच्या तीन-तीन नावांपैकी कोणतं कुठल्या पॅकेजमध्ये जातं?

झेडलिब घ्या. डिस्कवर लिबझेड.एसओ.१.३.१ ही खरी फाइल आहे. लिबझेड.एसओ.१ ही तिच्याकडे जाणारी लिंक आहे आणि चालू प्रोग्राम हेच नाव शोधतात, कारण कंपाइल होताना त्यांच्यात हेच नाव नोंदलं जातं. लिबझेड.एसओ ही आकड्याविना असलेली लिंक फक्त कंपाइल करताना लिंकरला लागते. म्हणून पहिली दोन नावं झेडलिब१जी या रनटाइम पॅकेजमध्ये आणि तिसरं झेडलिब१जी-डेव्ह मध्ये. तिसरं नाव रनटाइम पॅकेजमध्ये घातलं, तर पुढे लायब्ररीची १ आणि २ अशी दोन रूपं एका मशीनवर नांदू शकत नाहीत. दोन्ही पॅकेज एकाच नावावर हक्क सांगतात.

"मधली लिंक एलडीकॉन्फिग बनवतंच, मग पॅकेजमध्ये कशाला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. (एलडीकॉन्फिग म्हणजे सिस्टिमवरच्या लायब्ररींची नोंद ठेवणारी आज्ञा.) पॉलिसी ती पॅकेजमध्ये द्यायला सांगते आणि ते योग्य आहे. फाइली उलगडल्या गेल्या पण एलडीकॉन्फिग अजून चाललं नाही, असा एक काळ प्रत्येक इन्स्टॉलमध्ये असतो. त्या वेळात ती लायब्ररी लागणारा प्रोग्राम सुरू झाला तर त्याला लिंक सापडायला हवी. एलडीकॉन्फिग चालवायची आज्ञा मात्र स्वतः लिहू नका. डेबहेल्परमधलं डीएच_मेकशलिब्स ट्रिगर (ती आज्ञा आपोआप चालवणारी नोंद) जोडून देतं. आरपीएम पॅकेज वापरणाऱ्या फेडोरातही २८ व्या आवृत्तीपासून ते आपोआप होतं.

आधी डिरेक्टरी होती तिथे आता लिंक द्यायची आहे. नव्या मशीनवर चालतं, अपग्रेडमध्ये बिघडतं. का?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उदाहरण पूर्ण बघू.

"नमुना"च्या १.० आवृत्तीत मराठी मजकूर दाखवायला लोहित देवनागरी फॉन्टची प्रत सोबत दिली होती, /यूएसआर/शेअर/नमुना/फॉन्ट्स या डिरेक्टरीत. डेबियनमध्ये तोच फॉन्ट फॉन्ट्स-लोहित-देवा या वेगळ्या पॅकेजमध्ये आधीच आहे. एकच फॉन्ट दोनदा कशाला, म्हणून १.१ मध्ये तुम्ही प्रत काढली आणि फॉन्ट्स ही ../फॉन्ट्स/ट्रूटाइप/लोहित-देवनागरी कडे जाणारी लिंक केली. निर्णय चांगला आहे.

नव्या मशीनवर १.१ टाकलं की लिंक बनते, अक्षरं नीट दिसतात. पण ज्याच्याकडे १.० आहे त्याने अपग्रेड केलं की डीपीकेजीला (डेब पॅकेज बसवणारं साधन) त्या जागी खरी डिरेक्टरी दिसते. डीपीकेजी डिरेक्टरीच्या जागी लिंक कधीच ठेवत नाही, आणि लिंकच्या जागी डिरेक्टरीही ठेवत नाही. जे आहे ते तसंच राहू देतं. मग जुन्या पॅकेजमधली फॉन्टची फाइल नव्यात नाही म्हणून ती काढून टाकतं. उरते रिकामी डिरेक्टरी. प्रोग्रामला फॉन्ट सापडत नाही आणि डीपीकेजीने मात्र एकही एरर दिलेला नसतो.

हे वागणं मुद्दाम ठेवलेलं आहे. ॲडमिनने जागेसाठी एखादी डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवून तिथे लिंक ठेवली असेल, तर प्रत्येक अपग्रेडमध्ये ती मोडू नये यासाठी. ॲडमिनची ती मुभा मोलाची आहे, म्हणून बदल हवा असेल तर तो पॅकेज बनवणाऱ्याने स्पष्ट सांगायचा.

सांगायची जागा म्हणजे "डेबियन" डिरेक्टरीतली नमुना.मेंटस्क्रिप्ट ही फाइल. तिच्यात एकच ओळ:

डिर_टू_सिमलिंक /यूएसआर/शेअर/नमुना/फॉन्ट्स ../फॉन्ट्स/ट्रूटाइप/लोहित-देवनागरी १.१-१~

डेबहेल्पर यावरून डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्परची आज्ञा प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट आणि पोस्टआरएम (इन्स्टॉलच्या आधी, नंतर आणि पॅकेज काढल्यावर चालणाऱ्या) या तिन्ही स्क्रिप्टमध्ये घालतं. पाथच्या शेवटी तिरकी रेघ ठेवू नका. शेवटचा आकडा म्हणजे हा बदल ज्या आवृत्तीत पहिल्यांदा आला ती, आणि त्यापुढचं ~ हे चिन्ह अशासाठी की त्याच आवृत्तीचं बॅकपोर्ट (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेलं पॅकेज) किंचित लहान क्रमांकाचं असतं, त्यालाही हा नियम नीट लागू व्हावा.

हेल्पर आधी त्या डिरेक्टरीत काय आहे ते तपासतो. तिथे कॉन्फफाइल (ॲडमिनने केलेले बदल डीपीकेजी जपतं अशी सेटिंगची फाइल) असेल, दुसऱ्या पॅकेजची फाइल असेल किंवा वापरणाऱ्याने स्वतः टाकलेली फाइल असेल तर तो अपग्रेड थांबवतो. कोणी आपल्या आवडीचा फॉन्ट त्या डिरेक्टरीत टाकून ठेवला असेल तर त्याचं अपग्रेड अडेल. म्हणून जिथे लोकांनी स्वतःच्या फाइली टाकाव्यात अशी अपेक्षा आहे, ती डिरेक्टरी लिंकमध्ये बदलूच नका. आतल्या एकेका फाइलची लिंक करा. फाइलच्या जागी लिंक ठेवायला डीपीकेजीची हरकत नसते.

आणि डिपेंड्समध्ये, म्हणजे लागणाऱ्याच पॅकेजांच्या यादीत, फॉन्ट्स-लोहित-देवा लिहायला विसरू नका. रेकमेंड्स, म्हणजे नुसती शिफारस, पुरत नाही; ते वगळून इन्स्टॉल करणाऱ्याकडे लिंक हवेत लटकते.

उलट करायचं असेल, लिंकची परत डिरेक्टरी?

त्यासाठी सिमलिंक_टू_डिर आहे, आणि इथे विसरलं तर नुकसान जास्त होतं. जुनी लिंक जागेवरच राहते आणि डीपीकेजी नव्या फाइली तिच्यातून आरपार लिहितं. वरच्या उदाहरणात तुमचे फॉन्ट थेट लोहितच्या डिरेक्टरीत जाऊन पडतील. नाव सारखं असेल तर लोहितची फाइल तुमच्या फाइलखाली गाडली जाईल, कारण डीपीकेजीच्या नोंदीत तुमचा पाथ वेगळा आहे आणि त्याला टक्कर दिसतच नाही. पुढे "नमुना" काढून टाकलं की लोहितचा फॉन्टही जाईल.

हे आधीच कसं पकडायचं?

आधी जुनं पॅकेज टाकायचं, त्यावर नवं चढवायचं, मग एलएस -एलडी ने ती जागा बघायची. फक्त नवीन इन्स्टॉल तपासून हा दोष कधीच सापडत नाही. डेबियनमधलं पायूपार्ट्स हे साधन इन्स्टॉल, अपग्रेड, रिमूव्ह, पर्ज अशी सगळी फेरी स्वच्छ क्रूटमध्ये (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या डिरेक्टरीतली छोटी सिस्टिम) आपोआप करतं. तुटलेल्या लिंका शोधायला फाइंड ला -एक्सटाइप एल द्या, पण तेही स्वच्छ मशीनवर, डिपेंडन्सीसकट इन्स्टॉल झाल्यावर. बिल्डच्या डिरेक्टरीत चालवलं तर दुसऱ्या पॅकेजकडे जाणारी प्रत्येक लिंक तुटलेली दिसेल.

आरपीएममध्येही हीच अडचण आहे का?

आहे. उपाय प्रीट्रान्स विभागात (काहीही इन्स्टॉल होण्याआधी चालणारी स्क्रिप्ट) लिहायचा आणि तो लुआ भाषेत, कारण नवी सिस्टिम पहिल्यांदा उभी राहत असताना प्रीट्रान्स चालतं तेव्हा शेलच अस्तित्वात नसू शकतं. फेडोराच्या पॅकेजिंग नियमांत तयार स्क्रिप्ट आहे, तीच घ्या.

/बिन आता स्वतःच लिंक आहे. त्याने काय फरक पडतो?

बराच पडतो. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत /बिन, /एसबिन, /लिब या जागा /यूएसआर खाली नेल्या आणि जुन्या नावांच्या लिंका केल्या. डेबियनमध्ये २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल असे होऊ लागले आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून दुसरी मांडणी चालतच नाही.

अडचण अशी की डीपीकेजी पाथ अक्षराला अक्षर लावून बघतं. एका पॅकेजने /बिन/नमुना आणि दुसऱ्याने /यूएसआर/बिन/नमुना दिलं तर डिस्कवर ती एकच फाइल आहे, डीपीकेजीच्या लेखी मात्र दोन. एखादी फाइल /बिन मधून /यूएसआर/बिन मध्ये आणि त्याच वेळी एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली, तर जुन्या पॅकेजची फाइल काढताना नवीच फाइल उडू शकते. रिप्लेसेस (दुसऱ्या पॅकेजच्या फाइली आपण घेत आहोत अशी घोषणा) लिहूनही ते टळत नाही. नव्या पॅकेजसाठी नियम सोपा आहे: सगळं /यूएसआर खालीच द्या.

कोणत्या लिंका पॅकेजमध्ये द्यायच्याच नाहीत?

ज्यांवर निर्णय ॲडमिनचा आहे त्या. /यूएसआर/बिन/एडिटर ही लिंक /ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज/एडिटर कडे जाते आणि तिथून नॅनो किंवा व्हिमकडे. ती साखळी अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज ही आज्ञा सांभाळते; पोस्टइन्स्टमध्ये नोंद करायची, प्रीआरएममध्ये (पॅकेज काढण्याआधी चालणारी स्क्रिप्ट) काढायची. सिस्टिमडीची (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) सेवा चालू केल्यावर /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम खाली बनणाऱ्या लिंकाही तशाच. त्या डेबहेल्परवर सोपवा.

/ईटीसी मध्ये साधी लिंक देतानाही थांबून विचार करा. डेबहेल्पर /ईटीसी मधल्या फक्त खऱ्या फाइलींना कॉन्फफाइल मानतं. त्यामुळे ॲडमिनने विचारपूर्वक काढलेली लिंक पुढच्या अपग्रेडमध्ये परत येते, आणि त्याला कोणी विचारतही नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने कुठे जपायचं?

रूट म्हणून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. चाउन (फाइलचा मालक बदलणारी आज्ञा) लिंकवर साधंच चालवलं की ते लिंकच्या पलीकडे जाऊन टार्गेटचा मालक बदलतं. /व्हार/लिब/नमुना ही डिरेक्टरी सेवेच्या युजरच्या मालकीची असेल, तर तो युजर तिथे /ईटीसी/शॅडो कडे जाणारी लिंक ठेवू शकतो आणि तुमची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट पुढच्या अपग्रेडमध्ये पासवर्डची फाइल त्याच्या हवाली करते. चाउनला -एच द्या, किंवा हे काम सिस्टिमडीच्या सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स या साधनाकडे द्या. /टीएमपी मध्ये ठरलेल्या नावाची फाइल लिहू नका. लिनक्स कर्नलमध्ये ३.६ पासून अशा सार्वजनिक डिरेक्टरीतल्या लिंकांना आळा घालणारी सेटिंग आहे, पण ती चालू असेलच असं धरून चालू नका.

बाहेरून आलेलं टार उलगडतानाही धोका आहे: आधी बाहेर जाणारी लिंक, मग तिच्यातून लिहिली जाणारी फाइल. पायथनच्या टारफाइल या मॉड्यूलमध्ये ३.१२ पासून फिल्टर आले आणि ३.१४ पासून सुरक्षित फिल्टर हाच डिफॉल्ट आहे.

इतर ठिकाणी सिमलिंक चालतात का?

पायथनचं व्हील (तयार पॅकेजचा प्रकार) झिप असतं आणि त्यात सिमलिंकची सोय नाही. लायब्ररीची तीन नावं दिली तर तीन पूर्ण प्रती जातात. जावास्क्रिप्टच्या एनपीएम पॅकेजमध्ये लिंका घेतल्याच जात नाहीत. विंडोजवर लिंक बनवायला खास अधिकार किंवा डेव्हलपर मोड लागतो, आणि एमएसआयमध्ये (विंडोजचं इन्स्टॉलर पॅकेज) त्यासाठी टेबलच नाही. गिट लिंक १२००००  या मोडने साठवतं, पण विंडोजवर सेटिंग बंद असेल तर चेकआउटमध्ये टार्गेटचा पाथ लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल मिळते. विंडोजवर बांधलेल्या टारमध्ये अशा फाइली निघाल्या तर कारण हेच.

मॅकओएसवर लिंका केवळ चालतात असं नाही, त्या लागतातच. फ्रेमवर्कच्या (लायब्ररी आणि तिच्या सोबतच्या फाइलींची डिरेक्टरी) आत व्हर्जन्स/करंट ही लिंक असते आणि वरची नावं तिच्यातून जातात. झिप करताना त्या लिंकांच्या प्रती झाल्या तर कोडसाइन (मॅकओएसचं डिजिटल सही करणारं साधन) ते बंडल नाकारतं.

"टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स" असा एरर येतो.

लिनक्स एका पाथमध्ये ४० पेक्षा जास्त लिंका ओलांडत नाही. इतकी लांब साखळी कोणी मुद्दाम बनवत नाही, म्हणजे लिंक फिरून स्वतःकडेच येते आहे. लिंक्स फाइलमध्ये टार्गेट आणि नाव यांची अदलाबदल झाली नाही ना, तेही बघा. नेमआय -एल ला तो पाथ द्या. एकेक पायरी छापून कुठे वळसा पडतो ते तो दाखवतो.